वीज नसलेल्या घरातला फॉरवर्ड

मुलगा मैदानात रमला की जळकोटसारख्या गावात अम्मी-अब्बूंचा पहिला सवाल असतो, 'यात पोट भरेल का?' सवाल रास्त आहे. हॉकीपटू युवराज वाल्मिकीची वाटचाल यासाठीच पाहावी.

१९९० साली जन्मलेला हा मुंबईचा मुलगा. वडील ड्रायव्हर, घर लहानसे आणि विजेविना. प्रशिक्षक मर्झबान पटेल यांच्या हाताखाली युवराज आणि धाकटा भाऊ देविंदर घडले. २०११ मध्ये चीनमधील ऑर्डोस येथे आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये युवराजने विजयी गोल केला. घरात दिवा लागला तो त्यानंतर! पुढे युवराज २०१४ चा विश्वचषक खेळला, देविंदर २०१६ चे रिओ ऑलिंपिक.

फॉरवर्डची प्रगती नुसते गोल मोजून कळत नाही. चेंडू जवळ नसताना तो कुठे धावतो, मोकळ्या साथीदाराला पास देतो का, चेंडू गेल्यावर मागे फिरतो का, हे पाहावे. दर सत्रात खेळाच्या शिक्षकांना हेच विचारा. वाट लांब आहे, म्हणून शाळा सुटता कामा नये. पण केवळ गरिबीपायी मुलाच्या हातची स्टिकही काढून घेऊ नका.