पगार नक्की कुठे अडतो?

‘तुम्ही घरीच असता ना?’ हा प्रश्न बोईसरमध्ये मला कितीतरी जणी ऐकवतात. घरी असणं म्हणजे काहीच न करणं, हा हिशोब फार जुना. अमेरिकेतल्या जुन्या जनगणनेतसुद्धा शेतात, घरच्या धंद्यात राबणाऱ्या बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात बरेचदा नुसतं ‘पत्नी’ लिहिलेलं असे! हार्वर्डच्या प्राध्यापिका क्लॉडिया गोल्डिन यांनी दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळून हा हिशोब नव्याने मांडला. २०२३ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान कुणाबरोबर वाटून न घेता मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्यांना काय दिसलं? शेतीच्या काळात बायका कमावत्या होत्या. कारखाने आले तशा त्या मागे पडल्या. पुढे शिक्षण वाढलं, ऑफिसं-दुकानं वाढली, तशा परत आल्या.

मैत्रिणींनो, हे समजायला आपल्याला अमेरिकेला जायला नको. सातपाटीला जा. मासळी पुरुष आणतात, पण ती विकून पैसा मोजून घेते कोळीण. भाताच्या लावणीला, वाडीत बाई असतेच. पोर बांधावर खेळत असतं. तिथून तारापूर एमआयडीसीच्या गेटवर या. इथे शिफ्ट ठरलेली, वेळ ठरलेली. पोराला कडेवर घेऊन मशीनवर उभं राहता येत नाही.

गोल्डिन आणखी एक गोष्ट सांगतात. श्रीमंत देशांत आज एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत जी तफावत दिसते, ती मुख्यतः पहिल्या मुलानंतर पडते. बाईची हुशारी एका रात्रीत कमी होते का? नाही. बोलावलं की हजर राहणाऱ्याला पैसे जास्त मिळतात आणि तान्हं बाळ असलेली आई तशी हजर राहू शकत नाही, एवढंच! आमच्या बचत गटातही बाळंतपणानंतर कंपनी सोडून घरी नगावर काम घेणाऱ्या जणी आहेत. हात तेच, कमाई मात्र अर्ध्यावर.

भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषाचे ८८. म्हणजे आपले पावणेपाच तासांहून जास्त, त्यांचा दीड तासही नाही. समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ सालीच झाला. पण कायद्याने दर सारखा केला, तरी दिवसाचे तास कोण सारखे करणार?

त्यावर एक साधा उपाय आहे, पाळणाघर. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे ते हवंच, असं २०१७ साली कायद्यात आलं. किती जणींना हे माहीत आहे? लेकीला, सुनेला नोकरी लागली की आपण पहिलं विचारतो, ‘पगार किती?’ त्याच्याच जोडीला विचारू या, ‘पाळणाघर आहे का गं?’ आणि घरातल्या पुरुषांना विचारू या, ‘संध्याकाळचा स्वयंपाक आज कोण करणार?’ दोन्ही प्रश्न पगाराचेच आहेत.