प्रा. दामले गैरहजर

भिलाईहून हावड्याच्या दिशेनं निघालं की आधी रायपूर, मग बिलासपूर. सत्यदेव दुबे या बिलासपूरचे. क्रिकेट खेळायला मुंबईत गेले आणि नाटकाचे होऊन बसले. छत्तीसगडच्या या माणसानं १९७१ साली चित्रपट केला तो मराठीत, तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर. पटकथा तेंडुलकरांची, कॅमेरा गोविंद निहलानींचा आणि नायिका बेणारे अर्थातच सुलभा देशपांडे. भिलाईतल्या मराठी घरांनी हा धागा आपला मानायला हरकत नाही.

या नाटकाच्या मुळाशी आहे एका कुमारी मातेचा छळ. अशा मातांचे हाल इंग्लंडमध्ये सिल्व्हिया रेमन यांनी ‘विमेन ऑफ ट्वायलाइट’ या नाटकात मांडले होते. लग्नाशिवाय आई झालेल्या मुली, त्यांना लुबाडणारी घरमालकीण, हेळसांड झालेली तान्ही मुलं. १९५२ साली त्याचा चित्रपट आला तेव्हा सेन्सॉरनं त्याला फक्त प्रौढांसाठीचं ‘एक्स’ प्रमाणपत्र दिलं. तिथं छळणारी व्यक्ती निदान ओळखू येते. तेंडुलकरांच्या नाटकात छळणारी सगळी आपल्याच ओळखीची, पान खाणारी, कान कोरणारी माणसं आहेत.

१९६७च्या या नाटकाची गोष्ट वाचकांना ठाऊक आहे. वेळ घालवायला एक नाटकमंडळी खोटा खटला रचते, बेणारेबाईंवर आरोप ठेवला जातो भ्रूणहत्येचा. थोड्याच वेळात सगळ्यांना कळतं की बाई खरोखरच गरोदर आहे. तिच्या पर्समधल्या टिक-ट्वेंटीच्या बाटलीचीसुद्धा साक्ष निघते. ढेकूण मारायचं हे औषध तेव्हा घरोघरी असायचं. मुलाचे वडील प्रा. दामले मंडळीतलेच, बायकामुलांचे धनी. त्या दिवशी ते आलेलेच नाहीत. त्यांना पुकारलं जातं, ते गैरहजर म्हणून नोंद होते आणि खटला पुढे चालतो. सगळ्या नाटकातली सर्वांत क्रूर जागा हीच.

शेवटी बोलायला आरोपीला दहा सेकंद मिळतात. बाकीचे जागच्या जागी थिजतात आणि बेणारे मनातलं सगळं बोलते. हे गाजलेलं स्वगत लिहिलं गेलं ते नाटकाचे दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे. ते संपताच न्यायाधीश झालेले काशीकर वेळ संपल्याचं सांगतात. तिचं बोलणं कोर्टात कुणालाच ऐकू गेलेलं नाही. निकाल लागतो: पोटातला गर्भ नष्ट करावा. ज्या गुन्ह्याचा आरोप, तीच शिक्षा.

खटला लुटुपुटीचा होता, पण बाहेरचा कायदा खरा होता. भारतीय दंडविधानाच्या ३१२व्या कलमानं, आईचा जीव वाचवण्याखेरीज इतर कारणासाठी केलेला गर्भपात गुन्हा ठरत होता. दुब्यांचा चित्रपट आला त्याच १९७१ साली वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत झाला. त्याच्या तिसऱ्या कलमाखालचं तेव्हाचं दुसरं स्पष्टीकरण मुद्दाम वाचण्यासारखं आहे. संततिनियमनाचं साधन फसून गर्भ राहिला, तर त्यातून होणारा मनस्ताप हे गर्भपाताचं कारण धरता येईल, असं ते सांगत होतं. मात्र साधन वापरणारी व्यक्ती असायला हवी होती ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’. बेणारेला त्या वाक्यात जागा नव्हती.

‘विवाहित’ हा शब्द तिथून निघाला २०२१च्या दुरुस्तीनं. ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला. वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भाबाबत अविवाहितेला वगळता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२ रोजी सांगितलं. बेणारेबाई खरोखरच्या असत्या तर तोवर त्यांनी ऐंशी ओलांडली असती, आणि ते मूल जन्मलं असतं तर पन्नाशीच्या पुढे गेलं असतं.