उभारी आणि धीर



इंदापूर तालुक्यातील एका शिक्षकांनी मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. त्यांच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत 'रेझिलियन्स' हा इंग्रजी शब्द वरचेवर येत होता. ते म्हणाले, "सर, याला आपल्या मराठीत नेमके काय म्हणायचे? मुलांना सांगायचे तर शब्द आपला हवा." प्रश्न रास्त होता. संकटात मन खचू न देता पुन्हा उभे राहण्याची ताकद, एवढा अर्थ कोणीही सांगेल. पण अर्थ सांगणे निराळे आणि प्रतिशब्द देणे निराळे.

हा शब्द मूळचा लॅटिन. त्यातील क्रियापदाचा अर्थ 'मागे उसळी घेणे' असा आहे. वेताची छडी वाकवून सोडली की ती पुन्हा सरळ होते. तो तिचा गुण. वस्तूंचा हा गुण सांगणारा शब्द पुढे मानसशास्त्राने उचलला आणि माणसाच्या मनाला लावला.

आपल्याकडे या अर्थाच्या आसपासच्या शब्दांची वानवा नाही. मात्र प्रत्येकाचा रंग वेगळा. 'काटक' म्हटले की शरीर डोळ्यांपुढे येते. 'कणखर' माणूस वाकत नाही. 'चिवट' तुटत नाही. पण चिवट माणसाचे कौतुक करताना आपण थोडे वैतागलेलेही असतो. 'सोशीक' माणूस मुकाट्याने सहन करतो. आणि ज्याला कशाचेच काही वाटत नाही, त्याची आपण गेंड्याची कातडी म्हणतो. तो कणखरपणा नव्हे, ती बधिरता झाली.

मला विचाराल तर इंग्रजी शब्दाच्या सर्वांत जवळचा शब्द आपल्या रानातच आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा जिराईत ज्वारीचे पीक पाने गुंडाळून घेते, वाढ थांबवते आणि वाट पाहते. ओल मिळाली की पुन्हा वाढू लागते. शेतकरी म्हणतो, "पिकानं उभारी धरली." दुखण्यातून उठलेला माणूसही उभारी धरतो. 'उभारी' हा तो शब्द. यात वाकणे आहे, थांबणे आहे आणि पुन्हा उभे राहणेही आहे. रडला तो कच्चा, असे हा शब्द म्हणत नाही.

पण ज्वारीला ओल लागली, हे विसरू नका. बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ साली आले. कालव्याखालची गावे बागायती झाली. कालव्याच्या वरच्या अंगाची जिराईतच राहिली. दोन्हीकडची माणसे एकाच मातीची. बागायतातला तेवढा मनाचा पक्का आणि जिराईतातला कच्चा, असे कोणी म्हणेल काय?

हीच गोष्ट एक दूरची भाषा फार नेमकी सांगते. युरोपात बाल्टिक समुद्राकाठी लिथुएनिया नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या भाषेचे संस्कृतशी दूरचे नाते आहे. मुलाला तिथे 'सूनुस' म्हणतात आणि अग्नीला 'उग्निस'. रशियाच्या झारने १८६४ ते १९०४ अशी चाळीस वर्षे तिथे लॅटिन लिपीतील लिथुएनियन छपाईवर बंदी घातली होती. लोकांनी सरहद्दीपलीकडून पुस्तके चोरून आणली आणि भाषा टिकवली. त्या भाषेत 'रेझिलियन्स'ला 'अत्स्पारुमास' म्हणतात. त्याच्या मुळाशी 'स्पिर्ती' हे क्रियापद आहे. अर्थ, पायाने रेटणे, लाथ मारणे. भाषापंडित त्याचे नाते संस्कृतातील 'स्फुर्' धातूशी जोडतात. म्हणजे आपले 'स्फुरण' त्याच घरचे. आणि त्याच क्रियापदापासून झालेला 'अत्स्पिर्तिस' म्हणजे आधार, टेकू, पाय रोवण्याची जागा.

चिखलात रुतलेली गाडी ज्याने रेटली आहे, त्याला यातले मर्म सांगायला नको. पायाखाली घट्ट जमीन नसेल, तर अंगातले बळ फुकट जाते.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी जुनी माणसे सांगतात. बायाबापड्या उन्हात खडी फोडत होत्या. "किती सोशीक माणसं ती!" असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ती माणसे नुसत्या सोशिकपणावर तगली नाहीत. हाताला काम होते, कामाचा दाम होता, पोराबाळांच्या तोंडात सुकडी पडत होती. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि काम मागणे हा हक्क झाला. सोशिकपणाची नुसती स्तुती करून माणसाला सोसतच ठेवणे सोपे असते; त्याच्या पायाखाली जमीन देणे कठीण असते.

म्हणून मी त्या शिक्षकांना दोन शब्द सुचवले. उभारी हा पहिला. धीर हा दुसरा. धीर धरता येतो, धीर सुटतो, धीर खचतो. पण आपल्या भाषेने याहून मोठी सोय करून ठेवली आहे: धीर देता येतो. इंग्रजी शब्द ज्याचा त्याच्यापाशी राहतो. आपला धीर या हातातून त्या हातात जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, घरी पीक गेलेले आहे किंवा वडील गेलेले आहेत, असा एखादा मुलगा मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो. "मन घट्ट कर, रडू नकोस," असे आपण त्याला म्हणतो. त्याऐवजी त्याच्याजवळ जाऊन बसावे. बुडालेला धडा पुन्हा समजावून द्यावा, फी अडली असेल तर वाट काढावी, दुपारी जेवला का ते विचारावे. एवढी जागा पाय रोवायला मिळाली, की उभारी तो स्वतः धरील.