मऊ शब्द, ठाम मागणी

कामाच्या जागी गोड बोलणे म्हणजे लाचारी, असा समज कामगारांत आहे. आणि कामगाराशी गोड बोलले की तो डोक्यावर बसतो, असा समज मालकांत आहे. आमच्या अनुभवात हे दोन्ही समज महागच पडतात.

आपल्या मालवणी मुलखात शिवीसुद्धा पुष्कळदा मायेने दिली जाते. तांडेल खलाशाला 'मेल्या' म्हणतो, त्यात राग असतोच असे नाही. पण तक्रारीच्या वेळी तोच शब्द निराळा होतो. काजूचा कारखाना घ्या. तेथे गर सोलणाऱ्या बायांची मजुरी वजनावर ठरते. वजन कमी धरले असे वाटून एखादी संतापाने म्हणते, "तुमचो काटो चोर आणि तुम्ही पण चोर!" झाले! काट्याची चौकशी राहते बाजूला आणि बाईच्या उद्धटपणाची सुरू होते. म्हणणे खरे असूनही रोजगार तिचाच जातो. तेच ती म्हणाली, "शेठ, वजन आमका जुळत नाय, आमच्यासमोर एकदा काटो तपासूया," तर नकार देणाऱ्यालाच कारण सांगावे लागते.

मात्र मऊपणा शब्दांत असावा, मागणीत नव्हे. 'शक्य झाल्यास विचार व्हावा' असे लिहिलेला अर्ज फायलीत निजतो. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या गिरणी कामगारांनी १८८४ साली दिलेला अर्ज पाहा. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या त्या अर्जात शिवीगाळ नव्हती, पण मोघमपणाही नव्हता. रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, १५ तारखेच्या आत पगार, असे एकेक कलम तास-तारखेसह मांडलेले होते. तरीही सुटी लगेच मिळाली नाही. २४ एप्रिल १८९० रोजी लोखंड्यांनी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरविली, दोन स्त्री-कामगारही तीत बोलल्या, आणि पुन्हा अर्जच धाडला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. नुसत्या सभ्य भाषेने हे झाले नाही. तिच्यामागे माणसे उभी होती.

म्हणून आम्ही आमच्या सभासदांना सांगतो : आधी घडले ते लिहा, तारीख आणि आकडा घाला, काय हवे व केव्हापर्यंत ते सांगा, माणसाच्या स्वभावावर एक अक्षरही लिहू नका. अर्ज रागात लिहिला असेल तर रात्रभर ठेवा आणि सकाळी दुसऱ्याला वाचायला द्या.

मालक-मुकादमांनाही एक सांगणे आहे. साहेबाला 'अहो' आणि वयाने वडील असलेल्या मजुराला 'अरे', ही एकतर्फी सभ्यता फार दिवस टिकत नाही. चूक दाखवायची तर चारचौघांत न दाखवता बाजूला बोलावून दाखवावी. 'अहो' म्हणायला पैसा पडत नाही. आणि ज्याला मान मिळतो, तो तक्रार घेऊन आधी तुमच्याच दाराशी येतो.