दारी झुले विमान

अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या, तरी गाडी एका वादावर येतेच: विमान विकत घ्यायचं की तासाच्या भाड्याने उडवायचं? वादातलं विमान बहुतेकदा सेस्ना-१७२. एक इंजिन, चार सीट. १९५६ पासून ४४ हजारांहून जास्त बनली. इतक्या संख्येने दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही.

भाडं मोजतं हॉब्ज मीटर. दर सहा मिनिटांना एक आकडा पुढे. बऱ्याच विमानांत इंजिनात तेलाचा दाब आला की ते चालू होतं. म्हणजे उड्डाणाच्या रांगेत नुसते उभे असलात, तरी रिक्षाच्या मीटरसारखं पळतच राहतं! भाड्यात इंधन धरलेलं असेल तर ते ‘वेट’, नसेल तर ‘ड्राय’. हे पेट्रोल चक्क निळं असतं, आणि त्यात अजूनही शिसं असतं. उड्डाणाआधी वैमानिक टाकीतून थोडं पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरतो. तळाशी पाणी दिसलं, की पुन्हा काढायचं. तासाला साधारण ३०-३२ लिटर जळतं.

भाडेकऱ्याचा खिसा हवेत रिकामा होतो, मालकाचा जमिनीवर. हँगर, विमा, दर बारा महिन्यांची सक्तीची तपासणी: विमान जागचं हललं नाही तरी हे चुकत नाही. समजा, वर्षाला १२ हजार डॉलर. १०० तास उडवलं तर तासाला १२० पडले, ३० तासच उडवलं तर ४००. आणि अजून इंधन भरलेलंच नाही! लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनाला साधारण २,००० तासांनी ओव्हरहॉल सांगितलेलं असतं. त्याला ४० हजार डॉलर धरले, तर दर तासामागे २० बाजूला काढायचे. ‘मी उडवतच नाही, इंजिन नवंकोरं आहे’ हेही चालत नाही, कारण कंपनी १२ वर्षांची मर्यादाही सांगते. शिवाय या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या अंगाला. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरतो. काटकसरी मालकाला याहून मोठी शिक्षा नाही.

मालकाला थोडी सूटही आहे. शिकवणीच्या भाडोत्री विमानाला दर १०० तासांनी लागणारी तपासणी त्याला लागत नाही. वैमानिक असेल तर तेल आणि टायर स्वतः बदलता येतात. याउलट भाड्याचं विमान घेऊन मुक्कामी गेलात, की अनेक ठिकाणी रोजचे किमान तास लावतात, उडवा नाहीतर उभं ठेवा. मग चौघं मिळून एक विमान घेतात. खर्च पाव होतो, शनिवार सकाळचं भांडण मात्र अख्खं.

अगदीच खुमखुमी असेल तर निम्म्याहून जास्त काम स्वतः करून विमान घरीच बांधायचं. (आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलंच की! २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं.)

आणि एवढं करून जायचं कुठे? पुष्कळदा शेजारच्या विमानतळावर, बर्गर खायला. या फेरीला ‘हंड्रेड डॉलर हॅम्बर्गर’ असं नावच पडलंय. नाव जुनं आहे, आता शंभरात भागत नाही.