टोफूची न्याहारी

ज्या घरांतील एखाद्या माणसानें दूध व अंडें वर्ज्य केलें आहे, मग तें दुधांतील शर्करा पचत नाहीं म्हणून असो किंवा जीवदयेच्या विचारानें असो, त्या घरीं पहिली अडचण सकाळच्या न्याहारीची येते. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी हे नेहमींचे पदार्थ रुचकर खरे. परंतु त्यांत पिष्टाचाच भरणा अधिक, आणि साबुदाण्यांत तर पिष्टावांचून जवळजवळ कांहींच नसतें. शरीराची झीज भरून काढणारीं प्रथिनें त्यांतून बेताचींच मिळतात. ही उणीव भरून काढणारा एक पदार्थ चीन देशांत शेंकडों वर्षें खाल्ला जात आहे. तो म्हणजे टोफू.

टोफू हें सोयाबीनच्या दुधाचें पनीर होय. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतील हुआइनानचा राजा ल्यू आन् यानें तें शोधून काढलें असें चिनी लोक सांगतात. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. सोयाबीन रात्रभर भिजवून, वाटून व गाळून त्याचें दूध काढतात आणि चांगलें उकळतात. हें उकळणें केवळ उग्र वास घालविण्यासाठीं नव्हे. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनें निष्प्रभ होतें. पुढें तें दूध चीनमध्यें बहुधा जिप्सम घालून, तर जपानांत समुद्राच्या पाण्यांतून मीठ काढल्यावर उरणाऱ्या ‘निगारी’ नांवाच्या क्षारानें साकळवितात, आणि फडक्यांत घालून दाबतात. न दाबलेला, वाटींत थरथरणारा लुसलुशीत टोफू चिनी शहरांतून सकाळीं गरमागरम विकला जातो. उत्तरेस तो खारट रश्शाबरोबर खातात, दक्षिणेस गोड पाकाबरोबर. जपानी न्याहारींत मिसोच्या सारांत त्याचे लहान चौकोन सोडलेले असतात.

महाराष्ट्रास सोयाबीन अपरिचित नाहीं. १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत महात्मा गांधींनीं त्याचे आहारविषयक प्रयोग केले व ‘हरिजन’ पत्रांत त्यांसंबंधीं लिहिलें. आज विदर्भ-मराठवाड्यांत शिवारेंच्या शिवारें सोयाबीननें भरलेलीं दिसतात. पण तेल निघून गेल्यावर उरलेली पेंड बहुतांशीं कोंबड्या-गुरांच्या मुखीं पडते. जें ज्याच्या शेतांत पिकतें तें त्याच्या चुलीवर क्वचितच चढावें, ही विलक्षणच गोष्ट!

प्रथमच टोफू आणणारी गृहिणी बहुधा निराश होते, कारण ती त्याच्याकडून पनीराची अपेक्षा करते. पनीरांत दुधाची स्निग्धता व गोडी असते. टोफूला स्वतःची चव फारशी नाहीं आणि पाणी मात्र भरपूर. तें पाणी आंत असेपर्यंत मसाला शिरत नाहीं, आणि तव्यावर टोफू खरपूस होण्याऐवजीं नुसता शिजत राहतो. म्हणून घट्ट टोफू स्वच्छ फडक्यांत गुंडाळून पाव तास वजनाखालीं ठेवावा. घाई असेल तर तुकडे करून पांच-सात मिनिटें उकळत्या खारट पाण्यांत ठेवावे. पाणी काढण्यासाठीं पाण्यांतच बुडविणें चमत्कारिक वाटेल. पण त्यानें टोफू आवळून येतो व त्यास मीठही लागतें.

भुर्जीसाठीं टोफू सुरीनें न कापतां हातानें कुस्करावा. ओबडधोबड कडांना मसाला अधिक धरतो. तेलांत मोहरी, हिरवी मिरची व कांदा परतून हळद घालावी, मग टोफू घालून मोठ्या आंचेवर पाणी आटेपर्यंत परतावा. सारखें ढवळूं नये; तळाशीं किंचित् लाली आली पाहिजे. शेवटीं चिमूटभर पादेलोण घालावें. त्यांतील गंधकामुळें अंड्यासारखा वास येतो, पण फार शिजविल्यास तो उडून जातो. भाकरीबरोबर ही भुर्जी उत्तम लागते.

जिप्समनें केलेल्या टोफूंत कॅल्शियम चांगलें असतें. परंतु ब-१२ हें जीवनसत्त्व त्यांत नाहीं. दूध-अंडीं सर्वस्वीं सोडणाऱ्यानें तें डॉक्टरांच्या सल्ल्यानें निराळें घेतलेंच पाहिजे. कांहींना सोयाबीनच सोसत नाहीं; त्यांनीं टोफूच्या वाटेस जाऊं नये.

उरलेला टोफू पाण्यांत बुडवून शीतकपाटांत ठेवावा व पाणी रोज बदलावें. आंबूस वास येऊं लागला कीं तो टाकून द्यावा.