सौंदडचा सातबारा आणि दूरचा सर्व्हर

गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्यात वसलेल्या सौंदडचा परिसर धानशेतीचा आहे. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नोंदणी करावयाची, तर शेतकऱ्यास सातबारा लागतो. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सेवा केंद्रातील संगणकावर तो उमटतो, म्हणून तेथेच साठविलेला असतो असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे.

या व्यवस्थेत संगणकांची कामे वाटून दिलेली असतात. केंद्रातील संगणक केवळ मागणी करतो. त्यास 'क्लायंट' म्हणतात. मूळ अभिलेख सांभाळून मागणी पुरविणारा दूरचा संगणक म्हणजे 'सर्व्हर' होय. गाव आणि गट क्रमांक भरताच मागणीचे लहान लहान भाग होतात. प्रत्येक भागावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेत एखादा भाग हरवल्यास तो पुन्हा पाठविला जातो. सर्व्हर मागणी तपासतो, नोंद शोधतो आणि उत्तर त्याच पद्धतीने परत पाठवितो.

अभिलेख एका ठिकाणी ठेवण्याचा हेतू स्पष्ट आहे. प्रत्येक केंद्रात स्वतंत्र प्रत असती, तर एकाच जमिनीचे दोन उतारे निघाले असते. आता फेरफार प्रमाणित झाला की सौंदड असो वा मुंबई, सर्वत्र तीच नोंद दिसते. मात्र याची दुसरी बाजूही आहे. सर्व्हर थांबला, तर सर्वांचेच काम थांबते. अखेरच्या तारखेस हजारो मागण्या एकाच वेळी आल्यास त्यांची रांग लागते आणि उत्तरास विलंब होतो.

म्हणून 'सर्व्हर डाऊन' म्हणण्यापूर्वी दोष कोठे आहे हे पाहावे. केंद्रातील एकच संगणक अडला असेल, तर दोष त्या संगणकात असण्याचा संभव अधिक. कोणतेही संकेतस्थळ उघडत नसेल, तर जोडणी तपासावी. इतर संकेतस्थळे उघडतात, पण सातबाऱ्याचे पान अनेक गावांत उघडत नाही, अशा वेळी अडचण बहुधा सर्व्हरकडील असते. निदान अचूक असले, तर तक्रार योग्य ठिकाणी पोहोचते आणि शेतकऱ्याची व्यर्थ खेप वाचते.

उताऱ्यातील चुकीसंबंधीही हाच विवेक हवा. नाव वा क्षेत्र चुकले असल्यास केंद्रचालक ते बदलू शकत नाही. त्याचा संगणक केवळ मागणारा आहे. लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो. मूळ नोंद सुधारली, की त्यानंतर निघणारा प्रत्येक उतारा सुधारलेला येतो. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एवढे गावकऱ्यांना समजावून दिले, तर नोंदणीची मुदत टळून धान घरात पडून राहण्याचे अनेक प्रसंग टळतील.